नाक्यावर गाडी थांबली की... वाचकांचे प्रश्न, माजी सुभेदारांची उत्तरं

मागच्या अंकात श्रीनगर-लेह रस्त्याबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या आणि चेकपोस्टचा नुसता उल्लेख केला होता, तर त्यावरच एवढी पत्रं आणि मेसेज आले की संपादक म्हणाले या वेळचा पूर्ण कॉलम त्यावरच करा. मी बावीस वर्षं फौजेत होतो, त्यातली दोन टेन्युअर, म्हणजे पोस्टिंगच्या मुदती, काश्मीर खोऱ्यात आणि एक अरुणाचलात. नाक्यावर स्वतः उभा राहिलोय, आणि रिटायर झाल्यावर बायकोमुलांना घेऊन त्याच रस्त्यांनी प्रवासी म्हणूनही गेलोय. युनिटचं नाव आणि पोस्टची जागा लिहीत नाही, ते वाचकांनी समजून घ्यावं. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरनमध्ये २६ माणसं गेली, त्यात सहा आपल्या महाराष्ट्रातली होती, तेव्हापासून येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदललाय हे मला जाणवतंय. म्हणून सविस्तर लिहितो.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको नाशिकहून स्वतःच्या गाडीनं श्रीनगरला निघतोय, पहिलीच वेळ. आर्मीच्या नाक्यावर नक्की काय करायचं असतं? रात्री गाडी चालवली तर चालेल का? (नाशिक)

आधी एक सांगतो, नाक्यावर उभा असलेला प्रत्येक जण आर्मीचा नसतो. पंजाब सोडून लखनपूरला जम्मूत शिरलात की पहिल्यांदा भेटतील ते जम्मू-काश्मीर पोलीस, पुढं हायवेवर बहुतेक ठिकाणी सीआरपीएफ आणि पोलीस एकत्र, आणि आर्मी मधे मधे. वर्दी बहुतेकांची ठिपक्याठिपक्यांची म्हणून आपल्याला सगळे सारखेच वाटतात. तुम्हाला फरक कळला नाही तरी काही बिघडत नाही, वागायची पद्धत तीच.

सकाळी लवकर निघालात तर रस्त्याच्या कडेनं थोड्या थोड्या अंतरावर जवान उभे दिसतील, आणि त्यांची पाठ तुमच्याकडं असेल, तोंड बागांकडं आणि घरांकडं. ही आरओपी, म्हणजे रोड ओपनिंग पार्टी. पहाटे कुत्रं आणि डिटेक्टर घेऊन ही पोरं रस्त्याची कड, पुलाखालच्या मोऱ्या, पडलेला डबा, दगडांचा ढीग सगळं बघत चालत गेलेली असतात आणि मग दिवसभर तिथंच उभी. त्यांच्याजवळ गाडी थांबवून सेल्फी मागू नका, त्याची नजर तुमच्याकडं वळली की समोरची बाग सुटते.

आता रात्रीचं. रात्री चालवू नका, हेच माझं उत्तर. पण का, ते सांगतो. डिसेंबरातली रात्र, मी नाक्यावर, सोबत एकोणीस वर्षांचा पोरगा, बुटात पायाची बोटं आहेत की नाहीत तेही कळत नव्हतं. लांबून गाडी आली. आम्हाला काय दिसतं तर दोन पांढरे गोळे, बास. आत किती माणसं, ड्रायव्हरचे हात कुठं आहेत, चेहरा कसाय, काही म्हणजे काही दिसत नाही. टॉर्च हलवला, शिट्टी मारली, गाडी हळू झाली पण थांबेना, पहिला बॅरिकेड ओलांडून तशीच पुढं यायला लागली. पोरानं रायफल खांद्याला लावली. मी ओरडलो, तो थांबला, आणि गाडीही वीसेक पावलांवर थांबली. आत म्हातारा ड्रायव्हर, मागच्या सीटवर त्याची सून, कळा सुरू झालेल्या. ब्रेक नीट लागत नव्हते आणि काचेवर इतकी वाफ धरली होती की त्याला आमचा टॉर्च दिसलाच नव्हता. आम्ही काच पुसून दिली, पुढच्या नाक्याला वायरलेसवर गाडीचा नंबर कळवला आणि गाडी सोडली. तो पोरगा नंतर तासभर एक शब्द बोलला नाही.

सगळ्या गोष्टी अशा टळत नाहीत. ३ नोव्हेंबर २०१४ ला बडगाम जिल्ह्यात छत्तरगामला एका मारुती कारवर गोळीबार झाला, दोन तरुण मुलं गेली. गाडी थांबली नाही असं आधी सांगण्यात आलं, आणि मग आर्मीच्या नॉर्दर्न कमांडच्या कमांडरनी आमची चूक झाली असं जाहीर मान्य केलं. दोन घरांत पोरं परत आली नाहीत ती नाहीतच. म्हणून मी हे सगळं इतकं घोळून सांगतोय.

तर नाका दिसला की शंभर मीटरवरूनच स्पीड कमी करा. बॅरिकेड नागमोडी लावलेले असतात ते त्याचसाठी, मधून घुसायची घाई करू नका, पुढची गाडी तपासून सुटेपर्यंत अंतर ठेवून मागं थांबा. अंधार पडला असेल तर हेडलाइट बंद, पार्किंग लाइट चालू आणि आतला दिवा लावा, आतला दिवा हे सगळ्यात मोठं काम आहे, त्यानं तुमचे चेहरे दिसतात. काच खाली, गाणी बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर. आणि कागद काढायला स्वतःहून डॅशबोर्डात किंवा मागच्या खिशात हात घालू नका, आधी म्हणा "पेपर डॅशबोर्ड में हैं, निकालूँ?" आणि तो हो म्हणाला की काढा. उतरा म्हटलं तरच उतरायचं. बोलणं एकानंच करायचं, चौघं एकदम बोलायला लागले की समोरच्याला काहीच कळत नाही. काचांना काळी फिल्म असेल तर नाशिकमध्येच काढून टाका.

कागद म्हणजे आधार किंवा दुसरं फोटो असलेलं ओळखपत्र ओरिजिनल, आरसी, लायसन, इन्शुरन्स, पीयूसी. गाडी भावाच्या किंवा मित्राच्या नावावर असेल तर त्याचं पत्र आणि त्याच्या आधारची झेरॉक्स. आणि फोन, आपलं बाहेरचं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, पोस्टपेड लागतं, हे घरच्यांनाही सांगून ठेवा नाहीतर तुमचा फोन लागला नाही की इकडं रडारड.

प्रश्न : आम्ही चौघी मैत्रिणी बाईकवर लेहला जातोय. बायकांची झडती कोण घेतं? आणि परमिट लागतं की नाही, प्रत्येक जण वेगळं सांगतो. (कोल्हापूर)

ताई, झडती बाईनंच घ्यायची, हा कायदा आहे आणि फौजेलाही तो लागू आहे. पुरुष जवान तुमची बॅग उघडायला सांगू शकतो, डिकी बघू शकतो, पण अंगाला हात लावायचा नाही. तिथं महिला कर्मचारी नसेल तर शांतपणे म्हणा "लेडी स्टाफ बुला लीजिए, हम रुकते हैं." वेळ जाईल, जाऊ द्या. माझ्या वेळेला ही मोठी अडचण होती, बाईमाणूस आलं की आम्ही बॅग बघून सोडून द्यायचो, आणि त्याचा फायदा घेणारेही होतेच. आता पोरी आल्यात. २०२० मध्ये काश्मीरमधल्या कुपवाड्यातल्या साधना पास या खिंडीवर, दहा हजार फुटांवर, आसाम रायफल्सच्या महिला जवान याच कामासाठी उभ्या राहिल्या, आणि मे २०२१ मध्ये आर्मीच्या मिलिटरी पोलीसची ८३ मुलींची पहिली तुकडी बंगळूरूतून पास होऊन निघाली. ही बातमी वाचली तेव्हा मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

परमिटचं असं आहे की ऑगस्ट २०२१ मध्ये लडाख प्रशासनानं भारतीयांसाठी इनर लाइन परमिट, म्हणजे सीमेलगतच्या भागात जायचा परवाना, काढून टाकलं, म्हणून लोक म्हणतात काही लागत नाही. पण पर्यावरण फीची पावती आणि ओळखपत्र लागतंच, ते खारदुंग-ला ही खिंड चढताना साउथ पुल्लूच्या नाक्याला आणि पँगाँगच्या वाटेवर बघितलं जातं. लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस तसाही आराम करायचा असतो, तेव्हा ताजा नियम काय आहे ते विचारून घ्या, सीमेलगतचे नियम आठवड्यातही बदलतात. सगळ्याच्या पाच-सहा झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत टँकबॅगमध्ये वरच ठेवा. आणि नाक्यावर हेल्मेटची काच वर, तोंडाचा बफ खाली. चेहरा झाकून बाईक न थांबवता हळूहळू नाक्याजवळ आणत राहायची सवय असते आपल्याला, ती तिथं नको.

प्रश्न : पुलावर थांबून मुलाचा फोटो काढत होतो तर जवान धावत आला, फोन हिसकावला, फोटो डिलीट केले आणि सगळ्यांसमोर अद्वातद्वा बोलला. आम्ही काय अतिरेकी आहोत का? मुलगा रात्री झोपला नाही. (पुणे)

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगळ्याच ठेवूया.

फोटोची चूक तुमची. पूल, बोगदा, कॅम्पची भिंत, कॉन्व्हॉय (फौजी गाड्यांचा ताफा), नाका, हेलिपॅड, यांचा फोटो काढायचा नाही, बहुतेक ठिकाणी तसा बोर्डही असतो. ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट १९२३ चा आहे आणि आजही लागू आहे. तुम्हाला वाटतं मी मुलाचा फोटो काढतोय, पण मागं सेन्ट्रीची (पहारेकऱ्याची) जागा, वाळूच्या पोत्यांची मांडणी, गाड्यांचे नंबर येतात आणि दहा मिनिटांत ते इन्स्टाग्रामवर लोकेशनसकट जातात. जवान म्हणाला डिलीट करा तर तिथंच त्याच्यासमोर करा, आणि फोनच्या कचरापेटीतूनही काढा.

पण हिसकावणं आणि शिव्या, ते चूक आहे आणि मी ते पाठीशी घालणार नाही. माझ्या हाताखालच्या पोरानं लहान मुलासमोर असं केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी उभा केला असता. पुन्हा असं झालं तर तिथं वाद घालू नका, "आपके जेसीओ साहब से बात करनी है" एवढंच म्हणा, जेसीओ म्हणजे सुभेदारासारखा ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर. प्रत्येक नाक्यावर एक कमांडर असतो, त्याला शांतपणे सांगा, दहातल्या आठ वेळा तो स्वतः सॉरी म्हणेल. नाहीच झालं तर वेळ, जागा आणि छातीवरच्या पट्टीवरचं नाव लक्षात ठेवून लेखी तक्रार करा. आणि फौजेनं कुणाला ताब्यात घेतलंच तर शक्य तितक्या लवकर जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावं लागतं, स्वतःकडं ठेवता येत नाही, हेही माहीत असू द्या.

मुलाला माझ्याकडून एक सांगा. तो काका तुझ्यावर चिडला नव्हता, तो घाबरला होता. लहान मुलांना हे बरोबर समजतं.

प्रश्न : भाचा अमेरिकेतून येतोय, त्याच्याकडं ट्रेकिंगचं सॅटेलाइट मेसेजचं यंत्र आहे आणि ड्रोन पण आणतोय. लडाखला चालेल ना? (ठाणे)

नाही. त्याला आजच फोन करा. सॅटेलाइट फोन आणि तसली मेसेज पाठवणारी यंत्रं सरकारी परवानगीशिवाय भारतात बाळगणंच गुन्हा आहे, लडाख तर लांबच, डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना याच कारणानं पोलिसांनी पकडलं होतं. ड्रोन सीमेच्या पट्ट्यात उडवायचा नाही, घरी ठेवा. आणि त्याचा पासपोर्ट अमेरिकन असेल तर ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड, असलं तरी नुब्रा-पँगाँगसाठी त्याला वेगळं प्रोटेक्टेड एरिया परमिट लागतं, ते रजिस्टर्ड एजंटकडून काढा. सिक्कीममधली नथुला आणि अरुणाचलातली बुमला या खिंडी तर फक्त भारतीय नागरिकांना. आडनाव मराठी असून उपयोग नाही.

प्रश्न : मी पुण्यात शिकते. माझ्या काश्मिरी मैत्रिणीच्या गावी गेले होते. नाक्यावर माझं आधार बघून जवान हसला, "महाराष्ट्र से? वेलकम" म्हणाला. तिच्या भावाला मात्र खाली उतरवलं, हात वर करायला लावले, फोन बघितला. त्यांच्या गावाजवळच्या नाक्यावर! मला इतकी लाज वाटली. मी काय करायला हवं होतं? (पुणे)

पोरी, तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. तू बघितलंस ते खरं आहे आणि ते रोज होतं.

माझ्या पहिल्या टेन्युअरला तर अख्खी बस रिकामी करायचो. सगळे उतरून हातात ओळखपत्र धरून रांगेनं चालत नाका पार करायचे, बस पुढं जाऊन थांबायची, मग परत चढायचं. शाळेची पोरं, म्हातारे, पेशंट. आम्हाला ती ड्युटी होती, त्यांना ते रोजचं आयुष्य होतं. थंडीत तर आणखी अवघड, कारण तिथं सगळे फिरन घालतात, तो लांब झगा, आणि हात बाह्यांतून आत ओढून कांगडी धरलेली असते, म्हणजे निखाऱ्याचं मातीचं भांडं वेताच्या टोपलीत. नाक्यावरच्या माणसाला काय दिसतं, तर फिरनमध्ये लपवलेले दोन हात. तो ओरडतो "हाथ बाहर!", म्हातारा दचकतो, कांगडी हलते, निखारा सांडतो. एकदा माझ्यासमोर एका चाचांचा हात असा भाजला. त्यांनी तक्रार केली नाही, काही बोललेही नाहीत, नुसतं माझ्याकडं बघितलं आणि बर्फात हात धरून उभे राहिले.

त्या दिवसानंतर आमच्या नाक्यावर मी पद्धत बदलली. आधी सलाम करायचा, चार शब्द काश्मिरी बोलायचे, "वारय छिवा?", बरं आहे ना, आणि मग म्हणायचं चाचा, कांगडी खाली ठेवा आणि हात दाखवा. एवढ्यानं झडती टळत नाही, झडती तशीच राहते. पण माणूस दुसऱ्या दिवशी तुमच्याकडं वेगळ्या नजरेनं बघतो. तरी मी खोटं बोलणार नाही, तिच्या भावाला माझ्या नाक्यावरही उतरवलं असतं. धोका असतो तो त्या भागातल्या हालचालीतून, म्हणून संशयही तिथल्याच माणसावर जातो, आणि त्यात निरपराध पोरं रोज भरडली जातात. दोन्ही खरं आहे. नाक्यावर उभं राहताना या दोन्हीचं ओझं मला होतं, आजही आहे.

तू काय करायचं? तिथं मैत्रिणीच्या भावाच्या बाजूनं जवानाशी भांडू नकोस. तू दोन दिवसांनी पुण्याला येशील, त्याला मात्र उद्या सकाळी तोच नाका ओलांडायचाय आणि तोच जवान तिथं असेल. पुढच्या वेळी गाडीत बसून राहू नकोस, विचार "मैं भी उतरूँ?" आणि उतर, तिच्याबरोबर चालत पलीकडं जा, ओळखपत्र तूही हातात धर. आणि ते लोक पुण्यात आले की बघ, भाड्यानं खोली द्यायला आपले घरमालक त्यांना काय काय विचारतात ते. तिथं तू बोलू शकतेस, तिथं तुझ्या शब्दाला वजन आहे.

प्रश्न : कॉन्व्हॉयसाठी आमची गाडी तासभर थांबवली, फ्लाइट चुकता चुकता वाचली. लोकांना असं वेठीला का धरतात? (छत्रपती संभाजीनगर)

१४ फेब्रुवारी २०१९, पुलवामा जिल्ह्यातलं लेथपोरा. हायवेवर कॉन्व्हॉयच्या बसवर स्फोटकांनी भरलेली गाडी घातली आणि सीआरपीएफचे चाळीस जवान गेले. त्यातले दोघं बुलढाणा जिल्ह्यातले होते, तुमच्यापासून फार लांब नाही. त्यानंतर त्याच वर्षी एप्रिल-मेमध्ये आठवड्याचे दोन दिवस, रविवार आणि बुधवार, बारामुल्ला ते उधमपूर रस्ता पहाटे चार ते संध्याकाळी पाच साध्या गाड्यांना बंदच ठेवला होता, तिथल्या लोकांचे फार हाल झाले. आता तसं नाही, थोडा वेळ थांबवतात. कॉन्व्हॉयमध्ये कधीच घुसायचं नाही, ओव्हरटेक करायचा नाही, जवानानं काठीनं कडेला दाखवलं की कडेला. फ्लाइटच्या दिवशी चार तास हातात ठेवून निघा.

प्रश्न : तवांगला जाताना जसवंतगढला जवानांनी आम्हाला चहा दिला, पैसे घेतले नाहीत. आम्हाला पण काहीतरी द्यावंसं वाटतं. घरचे लाडू नेले तर घेतील का? (सांगली)

तो चहा मीही पाजलाय. १९६२ च्या नोव्हेंबरात गढवाल रायफल्सचे रायफलमन जसवंतसिंग रावत तिथं लढता लढता गेले, महावीर चक्र मिळालं. तिथं येणाऱ्या माणसाला चहा देणं हा त्यांच्या नावानं केलेला पाहुणचार आहे, पैसे कसे घेणार.

लाडवांचं मन समजतं, पण ड्युटीवरच्या जवानाला उघडं, घरी केलेलं खाणं घेता येत नाही, आग्रह केला की तोच अडचणीत येतो. पॅकबंद काहीतरी द्या, तेही तिथल्या साहेबांना विचारून. खरं सांगू का, दोन मिनिटं बोला. गाव कुठलं विचारा. मी तिकडं असताना सोलापूरची एक आजी गाडीतून उतरली, माझ्या छातीवरचं नाव वाचलं आणि म्हणाली "आरं, तू तर आपला दिसतोस, जेवलास का?" आठ महिन्यांत माझ्याशी समोरासमोर मराठीत बोललेलं ते पहिलं माणूस. त्या रात्री मी घरी मोठं पत्र लिहिलं.

प्रश्न : पासच्या वर संध्याकाळी गाडी बंद पडली, नेटवर्क नाही, लांब एक पोस्ट दिसते. जायचं का? (सातारा)

जायचं, शंभर टक्के. पण सरळ तारेपर्यंत चालत जायचं नाही. रस्त्यावरूनच जा, शेतातून किंवा उतारावरून शॉर्टकट मारू नका, सीमेलगत सुरुंगाची भीती असते. आवाज ऐकू जाईल एवढ्या अंतरावर थांबा, हात मोकळे आणि बाजूला धरा, टॉर्च स्वतःच्या तोंडावर मारा आणि मोठ्यानं ओरडा, "टूरिस्ट हैं, गाड़ी खराब है!" सेन्ट्री "थम!" म्हणेल, तिथंच थांबायचं, तो पुढं या म्हणेपर्यंत एक पाऊल नाही. पाच-दहा मिनिटं लागतील, तो आत विचारतोय असं समजा. मग गरम पाणी मिळेल, कुणाला श्वास लागत असेल तर एमआय रूममध्ये, म्हणजे पोस्टच्या दवाखान्यात, नेऊन ऑक्सिजन लावतील, आणि जमलं तर एखादा एमटीचा, म्हणजे फौजी गाड्यांच्या विभागाचा, ड्रायव्हर पाना घेऊन तुमच्याबरोबर गाडीपर्यंत येईल. डिझेल गोठलं असेल तर तो बॉनेट उघडायच्या आधीच ओळखेल.